बाक

मन्सी, इंडियाना. कॅलोवे स्ट्रीटचा नदीकडचा तुकडा.
सतरा दुकानं, त्यांतली चौदा बंद.
मोजणी डेल्बर्ट हिग्जची. पूर्वी तो बरण्यांच्या कारखान्यात
काचेतले बुडबुडे शोधायचा;
अजूनही कुठलीही वस्तू आधी उजेडाकडे धरतो.

मी वर राहते, चपलांच्या बंद दुकानावर,
कारण भाडं कमी. खरं कारण तेवढंच.
खाली काचेमागे अजून एक सँडल आहे,
डाव्या पायाची, एके काळी लाल,
अठरा उन्हाळ्यांनी गुलाबी करून टाकलेली.

शनिवारी सकाळी ओडेसा प्रुइट शिट्टी वाजवायची
आणि आम्ही नऊ जण जमायचो.
नववा खरं तर कुत्रा.
फळ्यांचे खिळे उपटले. काचा धुतल्या
व्हिनेगरनं आणि जुन्या वर्तमानपत्रांनी.
पुसता पुसता हातातल्या बोळ्यावर
कुणाचा तरी निधनाचा फोटो ओला व्हायचा
आणि ओडेसा म्हणायची, अगं, या तर माझ्या पियानोच्या बाई.
मग अर्धा तास कुणीच काम करत नसे.

नगरपालिकेनं परवानगी दिली, पैसे दिले नाहीत.
दिले असते तर रंगही त्यांनीच ठरवला असता,
अशी आम्ही मनाची समजूत घातली
आणि कुणाकुणाच्या गराजमधले उरलेले डबे
एकाच बादलीत ओतले.
जो रंग झाला त्याला नाव सापडेना.
मला विचाराल तर रताळ्याच्या सालीचा.

डेल्बर्टनं बाक केलं, मोडलेल्या चर्चच्या ओकचं.
ठेवलं बँकेच्या बंद घड्याळाखाली,
जिथे लोक येऊन बसतील असं आम्हांला वाटत होतं.
फोटो काढले.
मंगळवारी बाक गायब.

डेल्बर्ट काही बोलला नाही.
मी बोलले, मराठीत, जिन्यात, एकटीच.
ओडेसा म्हणाली, या गल्लीचं हे असंच,
हिला घातलेलं हिच्या अंगी लागत नाही.

दहा दिवसांनी सापडलं.
तीन चौक पलीकडे, डायलिसिसच्या दवाखान्यासमोर,
बसच्या खांबापाशी, जिथे टेकायला कधीच काही नव्हतं.
दंडाला पांढरी पट्टी बांधलेली एक बाई
त्यावर बसून उकडलेलं अंडं सोलत होती.
ओकचं धूड ते, चौघांनी तरी वाहून आणलं असणार,
रात्री, आणि मध्ये मध्ये त्याच्यावरच बसत.
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडीसुद्धा घातली होती,
डुगडुगू नये म्हणून.

डेल्बर्ट गुडघ्यावर बसला. घडी काढली,
उजेडाकडे धरली,
होती तशी परत सरकवली.
बस कितीची, त्यानं विचारलं.
यायची होती सव्वादोनला, बाई म्हणाली, बसा.

बसलो. बाक तिघांपुरतंच.
ओडेसा उभी राहिली,
मग खिशातून टेप काढून
रस्त्यापलीकडच्या खांबाशेजारची जागा
मोजायला लागली.