न शिवलेले झेंडे

पहाटे पाचला खांबावरचा भोंगा खाकरतो
आणि गावाला सांगतो, देश यंदा सात टक्क्यांनी वाढला.
माझ्या गुडघ्याची सूज किती टक्क्यांनी वाढली
ते ऐकायला भोंग्याला कान नाहीत.
तरी खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटतं.

मी थोआ. लाल नदीच्या खालच्या अंगाला
भातखाचरं संपतात नि फोनचा कारखाना सुरू होतो,
त्या वळणावर माझं मशीन.
चाळीस वर्षं एकच काम : लाल कापड, पिवळा तारा.
ताऱ्याची पाच टोकं. पाचव्यावर नवख्यांचा हात चुकतो,
कापड चुण्या धरतं. माझं धरत नाही.

आई शिवायची तेव्हा कापड रेशनवर होतं.
एका सणाला तिनं पिठाची गोणी उसवली,
रंगवली, दारात लावली.
दुपारच्या उन्हात गोणीवरची जुनी अक्षरं वर आली :
निव्वळ वजन पंचवीस किलो.
कुणी हसलं नाही.
पेटीत आहे तो अजून.

या ऑगस्टात जिल्ह्यातून खांग आला.
गाडी नवी, चप्पल मुद्दाम जुनी.
नव्या रस्त्याच्या खांबाखांबाला झेंडा हवा.
मी, सून दियेप, आणि शेजारची त्राम, जी बोलत नाही,
तिघींनी रात्रीचा दिवस केला.
सात हजार झाले. मोजून, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत.

वहीत लिहिलं होतं, बारा हजार चारशे.

‘वाढताना दोन शितं सांडतातच, मावशी,’ खांग म्हणाला,
आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.
त्याच्या मुलीची फी, त्याच्या साहेबाचं घर,
माझ्या मुलाचा कारखान्यातला अर्ज,
सगळं त्या टोपणात होतं.
शितावरून भात ओळखतात, हे काय मला ठाऊक नव्हतं ?
सही केली. अक्षर चांगलं आलं,
त्याचंच जास्त वाईट वाटलं.
पाकीट आलं तेव्हा मोजलं नाही.
मी, जी दोऱ्याचे वेढेसुद्धा मोजते.

मग ती मॅच.
शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरानं डोक्यानं गोल मारला
आणि सगळा जिल्हा स्कूटरवर बसला.
पातेली, झाकणं, शिट्ट्या.
मीही ओरडले. सत्तरीची बाई, दियेपच्या मागे बसून,
व्हिएतनाम, व्हिएतनाम, घसा बसेस्तोवर.
रडलेही. ते रडणं खरं होतं, कुणी काही म्हणो.
एवढ्या झेंड्यांत माझा तारा मी लांबून ओळखत होते.

नवा रस्ता लागला.
खांब, झेंडा. खांब, झेंडा.
शाळेच्या वळणापुढे
खांब. खांब.
खांब.
दियेपनं वेग वाढवला,
जणू त्यानं खांब कमी होणार होते.
वारा तर तिथंही होता.
त्याला बिचाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं.

रात्री उरलेल्या कापडातून एक बेतला.
या एकाला वही नाही, पाकीट नाही.
उजाडायच्या आत बांबूची शिडी लावली,
त्राम खाली धरून उभी.
वळणापुढच्या पहिल्या खांबावर तो बांधला.
उतरताना गुडघा करकरला. मनात म्हटलं,
राहिले पाच हजार तीनशे नव्याण्णव.

भोंगा खाकरायच्या आधी पहारेकरी आला.
पोरगेलासा, गालावर रात्रीचा रंग तसाच.
यादीवरून बोट फिरवत म्हणाला,
‘मावशी, उतरवा. या खांबावर झेंडा आहे.’

मी वर पाहिलं. ‘हाच ना ?’

‘हा नाही. आधीचा.
हे बघा, मिळाल्याची तारीख.
आणि ही खाली सही.’

अक्षर खरंच चांगलं होतं.