पेन्सिलीचं वेळापत्रक

जूनमध्ये मी वेळापत्रक शाईनं आखलं.
पोस्टातल्या जुन्या रजिस्टरचं जोडपान,
सात दिवस, आठ तास,
गणित लाल, विज्ञान हिरवं,
इतिहास-भूगोलाला उरलेला जांभळा.
शिक्षण म्हणजे घंटा, एवढंच मला ठाऊक,
म्हणून घरात मी घंटाच टांगली.
मन्मथ पानाकडं बघत राहिला.
"आई, ह्यात गोळी कुठाय?"

सकाळची गोळी.
ती घेतली की नऊ वाजेस्तोवर
लेकराचे डोळे उघडत नाहीत,
आणि मी सातला बीजगणित मांडून बसलेली.

दाखला कपाटात आहे.
शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.
वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक.
त्यात प्रार्थनेच्या रांगेत आलेली आकडी नाही,
"कांदा आणा, चप्पल हुंगवा" म्हणत पळणारे सर नाहीत,
दुसऱ्या दिवशी बाकावर त्याच्या शेजारी
एका दप्तराएवढी जागा मोकळी राहिली, तीही नाही.
विनंती मात्र माझीच. सही ओळखू येते.

दुसरं वेळापत्रक लोडशेडिंगनं खोडलं.
तिसरं, ह्यांची ड्युटी बदलली त्यानं.
हे एसटीत कंडक्टर, निलंग्याची मुक्कामी गाडी.
"लोक लेकरं लातूरला लाखाच्या शिकवणीत घालतात,
तू पोस्टातून थकून येऊन काय शिकवलालीस?"
बोलले,
आणि जाताना तिकिटाच्या रोलचं उरलेलं शेपूट
टेबलावर ठेवून गेले.
"कच्चं करायला होतंय."

चौथ्याला मी पेन्सिल घेतली.

भूमिती पुस्तकातून सरकेना.
मी वर्तुळ काढायची,
तो कान देऊन बसायचा देगलूर रोडकडं,
खाजामियाँचं लेथ ओरडायचं तिकडं.
एका संध्याकाळी मीच हात धरून नेला.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं,
गोळी, आकडी, किती दिवसांनी येते, कशी येते.
मग पिवळ्या रंगाचा डबा फोडला
आणि मशीनपासून सहा फुटांवर
फरशीवर वाकून रेघ मारली.
"बेटा, इसके अंदर नक्को. भार बैठ. नाप तू ले."

रेघेबाहेर स्टूल, हातात व्हर्निअर.
गार झालेले तुकडे तो मोजतो,
दशांशचिन्हापुढं दोन घरं,
व्यास, परीघ, किती घासलं, किती उरलं.
पाय नावाचा जो आकडा
मी तीन आठवडे समजावत होते,
तो त्याला एका पुलीच्या पट्ट्यानं
चहा गार व्हायच्या आत पटवला.

मी लिहिलं, चार ते पाच : लेथ.
कोणता विषय, तो रकाना कोरा ठेवला.
पहिला आठवडाभर चार वाजले की पोस्टात
माझा शिक्का पाकिटाच्या बाहेर पडायचा.

असं नाही की सगळं जमलं.
इंग्रजी मागं आहे. फार मागं.
हिंदीत तो खाजामियाँसारखं लिहितो,
आणि मी लाल पेन उचलून
पुन्हा खाली ठेवते.

ऑगस्टात सतरा नंबरचा फॉर्म भरला.
केंद्राच्या शाळेत क्लार्कनं चष्म्यावरून बघितलं,
"बाहेरून बसणार का?"
बाहेरून.
माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती,
दोन तर तिखटच.
मन्मथनं नुसती मान हलवली,
जणू स्टुलाबद्दलच विचारलंय.
"हो सर. तिथून नीट दिसतंय."

हे सातवं वेळापत्रक.
खोडून खोडून कागदाला एका जागी भोक पडलंय,
खालचं टेबल दिसतं.
काल रात्री त्यानं व्हर्निअर लावून
भोकाचा व्यास काढला,
अकरा पूर्णांक चार मिलिमीटर,
आणि बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेवला.

गुरुवार, रात्री आठ.
तिथं इंग्रजी होतं.