खारं पाणी परत सोडताना

बरक्याच्या किनाऱ्यावर, पाण्याच्या कारखान्यात
आखात आत येतं काळ्या नळीतून,
पडद्यांवर छाती घासतं
आणि दोन वाटांनी बाहेर पडतं :
एक गोड, मस्कतच्या नळांना,
एक दुप्पट खारट, परत समुद्राला.
अकरा वर्षं मी दोन्ही काट्यांवर नजर ठेवतो.
ओबेद क्षीरसागर, मुक्काम राहुरी.
आडनावात दुधाचा समुद्र,
नशिबात हा.

लॉकर एकेचाळीस. तळाशी
एक डावा हातमोजा, माझ्या मापाचा नाही.
रफीकुलचा.
त्या रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला तो माझ्याकडून.
सकाळी साहेबाने विचारलं, तिथे कोण होतं?
मी काही बोललो नाही.
खोटं बोललो नाही, ही पळवाट
मी पासपोर्टसारखी जपली.
चौथ्या दिवशी त्याला विमानात बसवलं.
मला चाळीस रियाल वाढले.

शुक्रवारी आम्हाला चर्चची मागची खोली मिळते,
मल्याळी मंडळी उठल्यावर, तमिळ मंडळी यायच्या आत.
खुर्च्या अजून कोमट असतात.
सतरा माणसं : नगरची, जालन्याची, एक मिरजेची नर्स.
पेटीचा एक सूर दबत नाही;
तो आला की सगळे मिळून
गळ्यानेच भरून काढतो.
दर शुक्रवारी मी तीच क्षमा मागायचो
आणि मिळालेली तिथेच खुर्चीवर विसरून
मोजा तेवढा घेऊन यायचो.

राहेलबाई सोनकांबळे
बावीस वर्षं एका घरात सैपाक करते.
जिन्यात बसून तिला सगळं सांगितलं.
तिने खजुराची बी रुमालात गुंडाळली. म्हणाली,
"ते उरलेलं खारं पाणी तुम्ही काय करता रे?"
परत सोडतो. समुद्रात.
"घरी नाही नेत? बाटल्या भरून,
पलंगाखाली ठेवायला?"
मी हसलो. ती नाही हसली.
"लोटाच्या बायकोला देवाने शिक्षा केली म्हणतात.
मला वाटतं, ती मागं बघत रडत राहिली उभ्याउभ्या
आणि तेच वाळलं तिच्यावर."

बस आली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाली,
"पाप समुद्रात टाक, ओबेद.
पण कुणाचं देणं बुडवू नकोस."

नंबर मिळायला दोन महिने गेले.
कॅन्टीनमधल्या नसीमच्या मेव्हण्याचा मेव्हणा.
नोआखालीत कोंबड्या ओरडत होत्या.
मोडक्या हिंदीत, थांबत थांबत,
साहेबाचं, व्हॉल्व्हचं, चाळीस रियालचं, सगळं बोललो.
तो गप्प. मग :
"मालूम था, ओबेदभाई."
आणि मग : अजान होतेय, नंतर बोलतो.
ते नंतर अजून आलेलं नाही.
मी पैसे पाठवले. पोचल्याची पावती आहे,
निरोप नाही.

त्या रात्री मी मोजा घातला.
घट्ट होत होता.
जाळीत अडकलेलं शेवाळ काढलं,
एक जेलीफिश, कुणाची तरी चप्पल.
तिसऱ्या रात्री तो करंगळीशी फाटला
आणि मी कचऱ्यात टाकला,
फाटका मोजा टाकतात तसा.

अजून काही पहाटे
हात लॉकरच्या तळाशी जातो.
पत्रा लागतो. गार.
तेवढ्यात काही नवीन ठेवावंसं वाटतं तिथे :
आईला न लिहिलेलं, धाकट्यावर ओरडलेलं.
माणसाला जागा मोकळी बघवत नाही.
मी दार लावतो. प्रार्थना म्हणावी
एवढंही बोलत नाही, फक्त
"आजचं" म्हणतो, आणि जिना चढतो.

सहा वाजत आले.
भिंतीपलीकडे खारं पाणी लाटेत शिरतंय,
काही अंतरापर्यंत वेगळं दिसतं,
मग दिसत नाही.
काटा पाहिला, वहीत आकडा लिहिला.
सव्वासहाची बस.
आज शुक्रवार. या वेळी
पेटी उचलायची पाळी माझी.