पोरामागे एक दात

डोहाळे लागले ते कुरुतचे.
वाळवलेल्या दह्याची खारट गोटी, दगडासारखी;
शहाणी माणसं ती गालात धरून विरघळू देतात.
बेगिमायनं चावली.
सातव्या महिन्यात धीर कुठून आणायचा?

कट् असा आवाज झाला.
तेव्हा ती हसली होती.

आता चौथी रात्र.
अत-बाशीत उणे सव्वीस,
चुलीतल्या गोवऱ्या संपत आल्यात
आणि खालच्या उजव्या दाढेत कुणीतरी
एकच खिळा पुन्हा पुन्हा ठोकतंय,
तो निघतो कानामागे, कपाळात, मानेत.
गरम नको, गार नको, उशी नको, कुणाचा हात नको.
उभी राहिली तर पाय सुजतात,
आडवी झाली तर दाढ घरात मावत नाही.

लवंग झाली. मिठाचं पाणी झालं.
शेजाऱ्यानं दिलेला व्होडकाचा बोळा
तिनं नुसता हुंगला आणि परत केला.
टेबलावर गोळ्यांचं पाकीट.
झूरानं, तिच्या सासूनं, दोनदा चष्मा लावून वाचलं:
रशियन अक्षरं, मुंगीएवढी,
गर्भवतींसाठी,
आणि पुढची ओळ नेमकी घडीवर पुसलेली.

"पोरामागे एक दात जातोच," झूरा म्हणाली.
"मी पाच दिले."
तोंड उघडून दाखवले, सोन्याचे, दिव्यात चमकणारे:
एर्मेक, बाकित, दोघी जुळ्या,
आणि कोपऱ्यातला तो एक,
ज्याचं नाव ती घेत नाही.

सुरगुतहून एर्मेकचा फोन, रात्रपाळीतून.
"झोपली नाहीस?"
"बाळ लाथा मारतंय."
फोन डाव्या कानाला होता.
खोटं नव्हतं ते. बाकीचं सगळं
दातखीळ बसल्यासारखं आतच राहिलं.

पहाटे मार्शरुत्का.
नारिनपर्यंत घाटात बर्फ,
गाडीत अकरा प्रवासी आणि तेरा उपाय:
लसूण बांध मनगटाला, पण उलट्या हाताच्या;
मेंढीची चरबी लाव;
काही नाही गं, पहिलटकरणीला असंच वाटतं.
ड्रायव्हर काही बोलला नाही,
खड्डे तेवढे चुकवत राहिला.
गुण आला तो त्याचाच.

पहिल्या खोलीतल्या डॉक्टरनं पोटाकडे पाहिलं,
तोंडाकडे पाहिलंच नाही.
"बाळंत झाल्यावर या."
दोन महिने!
जणू कळ म्हणजे कुणी लांबची पाहुणी,
बाहेर बाकावर बसून राहील.

दुसऱ्या खोलीत रोझा इसाकोव्ना,
साठी उलटलेली, घोगऱ्या आवाजाची.
"कोण म्हणालं थांब? तो?
पू थांबतो का?
सुईपेक्षा पू वाईट, तुलाही, पोटातल्यालाही."
तिनं घोंगडी दुमडून उजव्या कुशीखाली सारली.
"डावीकडे कल. अस्सं. त्यालाही श्वास घेऊ दे."
पोटावर शिशाचा एप्रन, थंड,
झोपलेल्या कोकराएवढा जड.
आतून एक लाथ.
"ऐकतोय," रोझा म्हणाली.

सुई. मग हळूहळू
गाल दुसऱ्या कुणाचा तरी झाला,
चार रात्रींनंतर कपाळ रिकामं झालं,
आणि बेगिमाय रडली,
दुखायचं थांबलं म्हणून.

दाढ निघताना नुसती करकर,
बर्फावर गाडी वळावी तशी.

"हा पोरानं नेला नाही, कुरुतनं नेला.
सासूला सांग तुझ्या," रोझा हात धुताना म्हणाली.
"त्याचे त्याच्याकडे आहेत.
हिरड्यांच्या आत, आत्ताच. वीस कळ्या."

परतीच्या वाटेवर बेगिमाय
तोंडात बोळा धरून मोजत होती,
कुठवर मोजलं ते घाटात विसरली.

घरी झूरानं कागदातली दाढ
उजेडात धरून नीट पाहिली.
रोझाचा निरोप ऐकला, हुंकार भरला नाही.
मग फडताळातून काडेपेटी काढली,
दाढ आत टाकली.
पेटीत आधीच काहीतरी होतं,
इवलंसं, ते खुळखुळलं.

सूप कोमट करून आणलं तिनं.
"डाव्या बाजूनं पी," म्हणाली.