तारीख, मजकूर म्हणून

ओउलूच्या बंदर-दफ्तरात नोव्हेंबरचे चार वाजलेत
आणि खिडकीबाहेर रात्र.
हिल्का रोंकाइनेन पडद्यावर बोट टेकवते:
"तुझ्या यादीत वाइनो फेब्रुवारीत बुडालाय."

दहा फेब्रुवारी, एकोणीसशे बासष्ट.
मी मॅक्रो पुन्हा वाचतो. कुठं काही चुकलेलं दिसत नाही.

"फेब्रुवारीत आम्ही समुद्रावरून
हाइलुओतोला मोटार न्यायचो," ती म्हणते.
"बुडायला पाणी कुठं होतं?"

जुन्या वहीत आहे: २.१०.
माझ्या कोडला महिना आधी ऐकायची खोड.
तेरा तारखेनंतर गेलेले सगळे जागच्या जागी,
तेराव्या महिन्यात कुणाला ढकलता येत नाही.
उलथापालथ झाली ती पहिल्या बारा दिवसांतल्यांची.
आठ आठला गेलेल्या एकाला
कळलंही नाही काही.

मग मी आख्खा स्तंभ आधी मजकूर केला.
लिहिलं: दिवस, टिंब, महिना, टिंब, सालाचे चार अंक.
बावीस हजार नऊशे एकवीस,
हे यंत्राच्या पोटातलं त्या दिवसाचं नाव
पुसलं गेलं.
उजव्या कडेला टेकलेली तारीख
सरकून डावीकडे आली, अक्षरांच्या रांगेत.

"आता वय निघेल त्याचं?"
"नाही. मजकुरातून वजाबाकी होत नाही."

हिल्कानं चष्मा काढला, पुसला,
तसाच हातात धरून ठेवला.
"नकोच," म्हणाली.
"एकोणीस होतं."