प्रमाण : दोनशेला एक

आफ्रिका टेबलावर मावेना,
म्हणून आधी सहाराची घडी घालून बाजूला ठेवली.
झ्देनेक म्हणाला, वाळवंट बघायला तसंही कोण येतं
ओस्त्राव्याच्या थंडीत.

उरलेलीचे चार तुकडे.
सिमेनचे कडे, गेलाडा माकडांसाठी :
सिमेंट ओतायचं, वर उकळलेल्या कॉफीचे दोन हात,
दगड हजार वर्षांचा दिसतो.
नामिबची वाळू ओद्रा नदीतली, चाळून घेतलेली.
इतुरीचं जंगल म्हणजे काळोख, ओल, एक ओकापी
आणि रबरी वेल, दहा वर्षांच्या हमीसह.
चौथं पूर्वेचं गवताळ पठार. तिथला बाओबाब पोकळ ठेवलाय,
त्याच्या पोटातून गरम हवेचा पाइप जातो.

संचालकबाईंनी फळ्यावर नियम लिहिला होता :
जो ज्या मातीचा, तो त्या मातीत.
झेब्रे पठारावर गेले. शहामृगांची जोडी नामिबला.
मुंगसांसाठी दोन विभाग भांडले, चिठ्ठी टाकली.

मग बेलाची फाइल उघडली.

बावीस वर्षांची. गुडघे धरलेले.
वंशावळीच्या वहीत आई अर्धी न्युबियाची,
बाप सर्कशीतून आलेला, पुढे प्रश्नचिन्ह,
तेही पेन्सिलीने.
मी शिडी लावून तिचे ठिपके पाहून आले :
मानेवर सोमालियाकडची नीट विणलेली जाळी,
मांडीवर दक्षिणेची फाटकी पानं,
आणि खांद्यावर, जिथे दोन्ही भेटतात,
तिथे काहीच ठरत नाही.

पाटीवर लिहायचं काय, बाईंनी विचारलं.
हाले, ब्रनो, ग्दान्स्क, सगळ्यांना पत्रं गेली.
मिश्र रक्ताची जिराफ मादी नको, आभारी आहोत.

मिलुश्का बैठकीला गमबूट घालूनच आली.
बेलाला तिनेच बाटलीवर वाढवलेलं.
म्हणाली, तिला बाभूळ ठाऊक नाही, वाळुंज खाते.
पोलादाच्या कारखान्यावर दिवे लागले
की तिकडे तोंड करून उभी राहते.
पहिला बर्फ पडला की जीभ बाहेर काढते,
निळी, हातभर लांब.
तुमच्या नकाशात हे कुठं येतं तेवढं सांगा,
मी चारा तिथं टांगते.

कुणी बोललं नाही. कॉफी निवली.

काड्यापेटीच्या काड्यांची बेला
मी पठारावर ठेवून पाहिली, उचलली,
कड्याशी ठेवली, उचलली,
शेवटी माझ्या बशीत ठेवून घरी गेले.

रात्री झाडणाऱ्या बाईने टेबल पुसलं असावं.
सकाळी पाहते तर ती पार्किंगमध्ये उभी,
भिंतीपलीकडच्या धुराड्याकडे तोंड करून.

झ्देनेकने पाहिलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं.
हलवली कुणीच नाही.

दुपारी कंत्राटदाराचा फोन :
नवा नकाशा मिळाला,
गाड्या नेमक्या किती कमी करायच्या?