घोरपड्या, भाग एक ते चार

डबीवरचं इंग्रजी नाव लांबलचक होतं,
पहिल्याच शुक्रवारी आम्ही ते टाकून दिलं.
भिंतीला चिकटतो तो घोरपड्या, बस्स.
दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एक खोली,
सहा जणांच्या वर्गणीतून घेतलेलं जुनं यंत्र,
तांदळाच्या पोत्यावर टीव्ही,
कंट्रोलर एकच, त्याचंही डावं बटण अडकतं.

आमच्याकडे घोरपडीला दोर बांधून
गड चढल्याची गोष्ट सांगतात.
टेकबहादूरला सांगितली, तर त्याने पहिलं विचारलं,
दोर तपासला होता कोणी?

तोच टेकबहादूर म्हणतो, भाग दोनला तोड नाही.
चाळीस मजल्यांवरून उडी,
एका गुडघ्यावर उतरतो घोरपड्या,
तडा रस्त्याला जातो, त्याला नाही.
मी म्हणतो, तुझ्या गुडघ्याला विचार.
गेल्या वर्षी पाळणा नुसता दीड मीटर सुटला होता,
अजून जिना उतरताना कठडा धरतो.

मला भाग एक आवडतो.
चित्रं ओबडधोबड, इमारती म्हणजे उभी केलेली खोकी,
पण घोरपड्याच्या हातांना घाम येतो.
कोपऱ्यात हिरवी पट्टी, ती उतरत जाते,
संपायच्या आत गच्ची गाठली नाही
तर सुटला,
आणि सुटला की मेला, पुन्हा तळमजल्यापासून.
ज्याने कुणी हा भाग रचला
तो कधीतरी दोरावर लटकला असणार,
किंवा त्याचा बाप.
वारासुद्धा आहे त्यात, खालून येणारा,
वेस्ट बेमध्ये पहाटे पाचला येतो अगदी तसा,
दमट, कानात बोट घातल्यासारखा.
भाग दोनमध्ये वारा नाही. संगीत आहे.

भाग तीनबद्दल लुकमानला विचारा,
एकट्यानेच त्याने तो शेवटाला नेला.
घोरपड्याला आई सापडते, मग भाऊ,
मग भाऊच वैरी निघतो.
चढणं थोडं, बोलणं फार.
आम्ही बाकीचे तेवढ्यात खबूस घेऊन येतो.

भाग चार रमजानमध्ये हाती आला,
वापरलेला, निम्म्या किमतीत.
उन्हाळ्यात दहानंतर बाहेरचं काम बंद,
दिवसभर काचा सोडून येतो
आणि खोलीत आडवे पडून पुन्हा काचाच चढतो.
भाग एकमध्ये काचेमागे नुसता निळा रंग होता,
भाग दोनमध्ये एक कुंडी, सगळ्या खिडक्यांत तीच.
आता माणसं आहेत.
कुणी चहा ढवळतंय, कुणी फोनवर भांडतंय,
आणि सत्ताविसाव्या मजल्यावर एक बाई
घोरपड्याला बघते,
किंचाळत नाही, टाळ्या वाजवत नाही,
पडदा ओढून घेते.

मी तिथे गेम थांबवला.
ही ओळखीची आहे.
नाव नाही माहीत, पडदा माहीत आहे,
करडा, खालची शिवण उसवलेली.

तेव्हापासून माझं मत डळमळलं होतं,
भाग एकच्या घामासमोर चारमधला एक पडदा,
ठरत नव्हतं.
मग काल लुकमानने कॅमेरा मागे फिरवला.
घोरपड्या जिथून जिथून चढला होता
तिथे काचेवर ठसे राहिले होते,
पाच पाच बोटांचे, ओलसर,
फुटपाथपासून थेट वरपर्यंत.
आधीच्या एकाही भागात हे नव्हतं.
लुकमान म्हणाला, काय बारीक कारागिरी आहे!

टेकबहादूर बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, बावन्न मजले.
दोन माणसं, तीन दिवस, साबण वेगळा.

आणि माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेऊन,
अडकणारं बटण दोनदा दाबून,
त्याने घोरपड्याला
जिन्याने खाली आणलं.